माहिती सांगणाऱ्याचे नाव

माझ्या नातवंडांना दोन आज्या आहेत. एक नुसती 'आजी' आणि दुसरी 'गावची आजी'. गावची आजी म्हणजे मी. छत्रपती संभाजीनगरला गाव म्हणायचं धाडस पुण्याची मुलंच करू जाणोत. नुसती 'आजी' म्हणजे माझ्या सुनेची आई, सरिताताई. त्या पुण्यात मुलांच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत राहतात. मुलं शाळेतून त्यांच्याकडे येतात, तिथंच जेवतात, तिथंच अभ्यास करतात. जी रोज दिसते ती आजी. जी दिवाळीला आणि मे महिन्यात दिसते तिला ओळखायला नावापुढं काहीतरी जोडावं लागतं. हे मला कळतं. कळलं म्हणून टोचायचं थांबत नाही.

माझी सून मनस्विनी त्यांना 'ए आई' म्हणते, मला 'अहो आई'. मीही माझ्या सासूबाईंना 'अहो'च म्हणायचे. पण दोघी एका घरात असलो आणि आतल्या खोलीतून नुसतीच 'आई' अशी हाक आली, की आम्ही दोघीही 'काय गं?' म्हणतो, आणि मग ती दाराशी येऊन म्हणते, "तुम्ही नाही हो, आईला बोलावत होते."

या दिवाळीत देवेशचा फोन आला. "आई, मनस्विनीच्या आईंनाही घेऊन येतोय. त्या तिकडं एकट्या पडतील."

"आण की. माझं घर काय लहान आहे?" मी म्हणाले. फोन ठेवला आणि त्या दिवशी चिवड्यात मीठ दोनदा पडलं.

सावनी आठ वर्षांची आहे, हिमांशू पाच. सावनीला सुट्टीचा अभ्यास होता. सुट्टीत जिथं जाल तिथली दोन वस्तुसंग्रहालयं बघायची आणि वहीत पानं भरायची. प्रत्येक पानावर वर वस्तूचं नाव, मध्ये माहिती, आणि तळाशी एक ओळ: माहिती सांगणाऱ्याचे नाव. मोबाइलमध्ये बघायचं नाही, घरातल्या मोठ्या माणसांना विचारायचं. शाईच्या पेनानं लिहायचं, खाडाखोड चालणार नाही. सुट्टीनंतर सगळ्या वर्गापुढं उभं राहून वाचायचं.

ते वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! संग्रहालयं माझ्या शहरातली. मी इथं चौपन्न वर्षं राहते आहे. त्या ओळीवर माझ्याशिवाय कुणाचं नाव येणार? सावनी पुण्याच्या वर्गात उभी राहून 'दमयंती मधुसूदन लासूरकर' असं खणखणीत वाचते आहे, हे मी भांडी आवरताना दोन-तीनदा ऐकूनही घेतलं.

सरिताताई इतिहासाच्या शिक्षिका होत्या, हे मी सोयीस्कर विसरले होते.

सकाळी दहाला आम्ही सोनेरी महालातल्या संग्रहालयात पोचलो. मागं डोंगर, पुढं मोकळं आवार. गाडीतून उतरताच मी सावनीचा हात धरला. आधी धरला नसता तर दुसऱ्या कुणी धरला असता.

"सावनी, इथं मी आणि तुझे आजोबा लग्नानंतर पहिल्यांदा आलो होतो. सायकलवर, डबलसीट. त्या पायऱ्यांवर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. टरफलं पडली म्हणून चौकीदार ओरडला, तर तुझ्या आजोबांनी सगळी टरफलं गोळा करून कोटाच्या खिशात भरली. घरी गेल्यावर सासूबाईंनी धुवायला कोट घेतला, आणि—"

"आजी, ही माहिती नाहीये," सावनी पेनाचं टोपण चावत म्हणाली. "ही गोष्ट आहे. वस्तूचं नाव काय लिहू? टरफल?"

देवेश हसला. हसण्यासारखंच होतं. मीही हसले.

तोवर सरिताताई हिमांशूला घेऊन एका कोरीव दगडापुढं चक्क उकिडव्या बसल्या होत्या. अडुसष्टाव्या वर्षी. माझे गुडघे तर पाटावर बसायलाही तयार नसतात.

"हिमांशू, हा दगड किती मजली आहे सांग बरं?"

"तीन!"

"खालच्या मजल्यावर काय चाललंय?"

"मारामारी! ह्याच्याकडं तलवार आहे!"

"मग मधल्या मजल्यावर तोच माणूस कुठं निघालाय?"

सावनीनं माझा हात सोडला. सोडला म्हणजे झटकला नाही, तिला लिहायला हात हवा होता. पण गेली ती गेलीच. लढाईत मेलेल्या वीराचा दगड, त्याला वीरगळ म्हणतात, खाली लढाई, मध्ये स्वर्गाची वाट, वर शंकराची पूजा, हे सगळं सरिताताईंनी न सांगता मुलांकडूनच वदवून घेतलं. पहिलं पान भरलं. तळाशी नाव पडलं: सरिता आजी.

नंतर दुसरं पडलं, तिसरं पडलं. मी एका जुन्या घागरीपाशी जरा घाई केली. "अशी घागर आमच्याकडं होती बरं का, माझ्या आजीची."

"तुझ्या आजीची म्हणजे किती जुनी?" सावनीनं विचारलं.

"झाली असतील सव्वाशे वर्षं."

"ही कितीतरी शे वर्षांची असेल ना, आजी?" हे तिनं मला विचारलं नव्हतं.

मग सरिताताई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दमयंतीताई, तुम्ही सांगा ना मुलांना. शहर तुमचं आहे." इतक्या मनापासून म्हणाल्या की मला त्यांचा जास्तच राग आला. आपल्याच घरात आपल्याला कुणी 'बसा ना, बसा' म्हणावं तसं झालं.

दुपारी लिंबाच्या सावलीत डबे उघडले. मी पहाटे पाचला उठून दशम्या केल्या होत्या. हिमांशूनं अर्धी दशमी खाली ठेवली आणि सरिताताईंच्या पर्समधलं बिस्किट खाल्लं. तोवर वहीत सहा पानं झाली होती. सहाही त्यांचीच.

माझ्याकडं अजून एक जागा शिल्लक होती. ती मीच ठरवली होती, त्यामुळं तिचा मला भरवसा होता. छावणीत कमरोद्दीनभाई राहतात. माझ्या यजमानांबरोबर वीज खात्यात होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत जुन्या वस्तू मांडल्या आहेत: कुलपं, दौती, कंदील, तराजू, भंगारवाल्याकडून किलोवर आणलेले कागद. बाहेर हातानं रंगवलेली पाटी आहे, 'संग्रहालय, मोफत'. मी चार दिवस आधी फोन करून ठेवला होता.

"आओ भाभी, आओ! कित्ते दिनां के बाद!" ते दारातच उभे होते. ऐंशीला आले आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. "हे देवेश? अरे बाप रे, ये तो अपने मधुसूदनसाब की कॉपी हो गया! आणि ही कोण मंडळी?"

त्यांनी मुलांना सरबत दिलं, किल्लीशिवाय उघडणारं कुलूप दाखवलं. मुलं खूश झाली. मीही खूश झाले. इथं 'भाभी' एकच होती.

दुसऱ्या खोलीत भिंतीवर काचेच्या चौकटीत कागद लावले होते. पहिला मोडी लिपीतला. सरिताताईंनी चष्मा वर सरकवला आणि अडखळत का होईना, वाचायला सुरुवात केली. कुणीतरी कुणालातरी विहिरीच्या वाटणीबद्दल लिहिलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी मोडीचा वर्ग केला म्हणे. कमरोद्दीनभाई "वा, बाई, वा" करत होते. सावनी त्यांच्या कमरेला बिलगून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्यासाठी कधीच उमटलेलं मी पाहिलं नव्हतं.



"आजी, आता हे वाच ना," सावनीनं शेजारच्या चौकटीकडं बोट केलं.

सरिताताईंनी मान हलवली. "हे नाही गं मला येत. ही फारसी किंवा उर्दू आहे."

"मला येतं," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. देवेशसुद्धा. "आई, तुला उर्दू येतं?"

"माझे वडील निजामाच्या राज्यात नोकरीला लागले तेव्हा वैजापूरच्या तहसील कचेरीत सगळं दफ्तर उर्दूतच होतं," मी म्हणाले. "त्यांनी मला शिकवलं होतं. लहान होते तेव्हा."

हे खोटं नव्हतं. खोटं पुढं आलं.

मी चौकटीजवळ गेले. कागद घाईघाईनं लिहिलेला, अक्षरात अक्षर घुसलेलं. त्या मोडक्या लिहिण्याला शिकस्ता म्हणतात. वडील ते वर्तमानपत्रासारखं वाचायचे. मला वरून खाली नजर फिरवून एकच शब्द लागला: वैजापूर. बाकी सगळ्या मुंग्या. पण मागं सावनीनं वहीचं नवं पान उघडल्याचा आवाज आला.

"हे वैजापूरचंच आहे," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू येईना, इतका स्थिर होता. "कचेरीला आग लागली होती. तेव्हा तिथल्या कारकुनानं जिवावर उदार होऊन सगळं दफ्तर बाहेर काढलं. म्हणून सरकारनं त्याला शालजोडी आणि घोडा दिला."

"कारकुनाचं नाव?" सावनीनं विचारलं.

"मोतीरामपंत." मी थांबले. "हे माझे वडील, सावनी. तुझे पणजोबा."

हिमांशू उडीच मारून पुढं आला. "घोडा? खरा घोडा?"

"हो तर. पांढरा."

"त्याचं नाव काय?"

"बिजली."

"कागदात लिहिलंय?"

"हे काय इथं," मी एका वळणदार अक्षरावर बोट ठेवलं.

माझे वडील उभ्या जन्मात घोड्यावर बसले नव्हते. बसले असते तर पडले असते. ते म्हशीलाही वाट देऊन उभे राहायचे. पण सावनी लिहीत होती. तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती, आणि मध्येच मान वर करून ती माझ्याकडं बघत होती. त्या मघाच्याच चेहऱ्यानं. "आजी, तुझं पूर्ण नाव सांग," ती म्हणाली. 'गावची' नाही म्हणाली. मी सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर. सरिताताई कागदाकडं बघत होत्या. त्यांना काही वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

मी मात्र एका माणसाचा विचारच केला नव्हता.

"भाभी," कमरोद्दीनभाई चौकटीला हात लावत म्हणाले, "आठ साल हो गये, मैं इसकू लटका के बैठा हूँ. छापेवाली उर्दू पढ लेता हूँ, पर ये लिखावट मेरेकू नहीं आती. जो आया उसकू पूछा. हमारा पोता नोमान तो अलिफ-बे बी ना पैचाने. और आज मालूम हुआ, ये तो अपने घर का कागज निकला!"

ते आत गेले. मला वाटलं पाणी प्यायला गेले. ते स्टूल आणि पकड घेऊन आले.

"अहो, हे काय करताय?"

"आपके अब्बा की सनद है, भाभी. मेरी दीवार पे कायकू? जिसकी चीज उसके घर जाना." देवेश 'काका, राहू द्या' म्हणत होता, पण ते स्टुलावर चढलेसुद्धा. त्यांचे पाय थरथरत होते. देवेशनं त्यांना धरलं. खिळा निघाला, चौकट खाली आली, आणि भिंतीवर तिच्या आकाराचा एक स्वच्छ पांढरा चौकोन राहिला. "यहाँ मैं चिठ्ठी लगाता, वैजापूर के मोतीरामपंत की सनद, उनकी बेटी कू सौंपी."

त्यांनी चौकट आपल्या सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि माझ्या पुढं धरली. दोन्ही हातांनी.

मला सुटायला वाट होती. देवेश घड्याळ बघत होता. 'उशीर झाला, पुन्हा कधीतरी नेऊ' म्हणता आलं असतं. किंवा सरळ घेता आलं असतं. घरी माझ्या भिंतीवर लागलं असतं. कुणाला वाचता येत होतं? शहरात असा माणूस शोधायला गेलं तरी दिवस लागले असते. सावनी माझा पदर धरून उभी होती, "आजी, घे ना, घे ना" म्हणत. ती आजपर्यंत माझ्या पदराला कधी धरून उभी राहिली नव्हती.

मी हात पुढं करून चौकट घेतली. चौकटीच्या काचेवर त्यांच्या बोटांचा ओला ठसा होता.

"कमरोद्दीनभाई," मी म्हणाले, "हा कागद माझ्या वडिलांचा नाही."

"कैसा?"

"मला वाचता येत नाही. एकच शब्द लागला, वैजापूर. बाकीचं मी मनानं सांगितलं."

मनस्विनी सरबताचे पेले गोळा करायला लागली, जे अजून भरलेले होते.

"म्हणजे घोडा नव्हता?" हिमांशूनं विचारलं.

"नव्हता रे."

"बिजली पण नव्हती?" आणि तो रडायला लागला. त्याला घेऊन मनस्विनी बाहेर गेली.

सावनी रडली नाही. तिनं वही उघडून माझ्यासमोर धरली. सबंध पान भरलं होतं, तिच्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. "पेननं लिहिलंय मी," ती म्हणाली. "खाडाखोड चालत नाही. तू खोटं का सांगितलंस?"

आठ वर्षांच्या मुलीला 'मला तुझ्या आजीचा हेवा वाटला' असं सांगायचं कसं? तेही ती आजी दोन हातांच्या अंतरावर उभी असताना. मी चौकट मांडीवर घेऊन भिंतीशी वेताच्या मोढ्यावर बसले.

"मला खरंच शिकवायचे माझे वडील," मी म्हणाले. "मी तुझ्याएवढी होते. संध्याकाळी कचेरीतून आले की अंगणात पाटी घेऊन बसायचं. शेजारच्या मुनिरालाही ते सोबत बसवायचे. तिचं अक्षर फार सुंदर यायचं. माझ्याहून छान. एक दिवस वडिलांनी तिची पाटी उचलून माझ्या आईला दाखवायला नेली. माझी नाही नेली. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, माझं पोट दुखतंय. तिसऱ्या दिवशीही दुखलं. मग मी कधी बसलेच नाही."

"पोट खरंच दुखत होतं?"

"नाही."

"मग वडील रागावले नाहीत?"

"नाही. ते मुनिराला शिकवत राहिले. मी खिडकीतून बघायचे. तिला हे सगळं वाचता आलं असतं आज, घडघड. कुठं असेल कोण जाणे. लग्न होऊन परभणीकडं गेली होती."

सावनीनं वही मिटली. मग ती जाऊन सरिताताईंच्या शेजारी उभी राहिली. ते मला दिसू नये म्हणून मी चष्मा पुसत बसले.

कमरोद्दीनभाईंनी चौकट माझ्या मांडीवरून उचलून घेतली. मला वाटलं, आता हा माणूस आपल्याला पुन्हा दारात उभं करणार नाही. ते हसले. "चलो, अच्छा हुआ. सच बोलूँ भाभी? दे तो रहा था, पर दिल में बोला, आज रात कू नींद नहीं आती तेरेकू." देवेशनं चौकट परत टांगली. जरा तिरकी लागली. ती सरळ करायला सरिताताई पुढं झाल्या, आणि मी ते होऊ दिलं.

परतताना गाडीत मुलं मागं सरिताताई आणि मनस्विनीसोबत बसली, मी पुढं. हिमांशू झोपला. गाडी छावणीतून बाहेर पडेपर्यंत पेनाची कुरकुर ऐकू येत होती. मी मागं वळून पाहिलं नाही.

"वाचू?" सावनीनं विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. देवेश म्हणाला, "वाच."

"वस्तूचं नाव, जुना कागद. माहिती. मागचं पान खोटं आहे, ते बाईंनी वाचू नये. हा कागद इथं कोणालाच वाचता येत नाही. कमरोद्दीन आजोबांना येत नाही, सरिता आजीला पण येत नाही. माझ्या पणजोबांना आला असता. मुनिराला आला असता. माझ्या आजीला पण आला असता, पण मुनिराचं अक्षर जास्त छान होतं म्हणून तिनं पोट दुखतंय असं सांगितलं आणि शिकणं सोडून दिलं. पणजोबांकडं घोडा नव्हता. माहिती सांगणाऱ्याचे नाव, दमयंती मधुसूदन लासूरकर."

देवेशला हसू आवरेना. मनस्विनीनं त्याला मागून चिमटा काढला असावा, कारण तो एकदम गप्प झाला. पुण्याच्या वर्गात हे पान वाचलं जाणार होतं, माझ्या पूर्ण नावासकट. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण 'सरिता आजीला पण येत नाही' हे वाक्य मी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, हेही खरं.

"सावनी," मागून सरिताताई म्हणाल्या, "सगळ्या वहीतलं हे सगळ्यात चांगलं पान आहे."

देवेश म्हणाला असता तर चाललं असतं. मनस्विनी म्हणाली असती तर मी तिच्यासाठी रात्री पिठलं केलं असतं. पण म्हणाल्या त्याच. मी गाडीच्या आरशात बघितलं. पान माझं होतं, नाव माझं होतं, आणि सावनी ते छातीशी धरून खुशीनं वर बघत होती, त्यांच्याकडं.